ऋण दहाच्या पायात ३५१: अंकांची बेरीज ९, तरी ९ ने भाग का जात नाही?

ऐरोलीहून एका वडिलांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्यांची लेक नववीत आहे आणि स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाते. तिथल्या चाचणीत प्रश्न आला: ऋण दहा पायात ३५१ अशी लिहिलेली संख्या ९ ने निःशेष भागते का? (पाया म्हणजे एककाकडून डावीकडे प्रत्येक घराची किंमत जितक्या पटीने बदलते ती संख्या; आपल्या नेहमीच्या लेखनात ती दहा, इथे −१०.) मुलीने ३ + ५ + १ = ९ अशी बेरीज केली, "हो" लिहिलं आणि गुण गेले. वडील सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांनी घरी पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहून पडताळा घ्यायचा प्रयत्न केला, तर १५ या साध्या संख्येचे अंक −२ आणि −५ असे आले. आता ते विचारतात की नियम कुठे चुकला, प्रोग्रॅम कुठे चुकला, आणि नववीच्या मुलीला या उलट्या पायात शिरायला लावायचंच कशाला?

मी ठाण्यात नौपाड्यात गेली बावीस वर्षं आठवी ते दहावीच्या मुलांना ऑलिम्पियाडचं गणित शिकवते. दरवर्षी कुणीतरी हीच चूक करतं, आणि करणारी मुलं बहुतेक वेळा हुशार असतात. म्हणून आधी एक सांगते. तुमच्या लेकीची बेरीज बरोबर आहे आणि तिला नियमही पाठ आहे. तो नियम कशामुळे चालतो, हे मात्र तिला कुणी दाखवलेलं नाही. ते दिसलं की ऋण दहाचा पाया पाच मिनिटांत सुटतो. ऋण दहाला बाजूला ठेवून मी सुरुवात आंब्यांपासून करते.

वाशीच्या बाजारातून आंबे आणले की आपण ते डझनांवर मोजतो. समजा घरात ३ डझन आणि वर ८ आंबे आहेत आणि ते अकरा जणांत सारखे वाटायचे आहेत. एक डझन उघडा, अकरा जणांना एकेक द्या, एक उरला. दुसरा डझन, पुन्हा एक उरला. तिसऱ्याचाही एक. म्हणजे प्रत्येक डझनामागे एक आंबा शिल्लक. तीन डझनांचे ३ आणि सुटे ८ मिळून ११ झाले, तेही वाटून संपले. सगळे मिळून ४४ आंबे, प्रत्येकाला ४. इथे आपण "३८" ही बाराच्या पायातली संख्या घेतली, अंकांची बेरीज केली आणि ११ ची कसोटी लावली. कुठलंही सूत्र न वापरता.

हेच दहाच्या पायात करा. दहातून नऊ जणांना एकेक दिला की एक उरतो. शंभरातून ९९ वाटले की एक उरतो, हजारातून ९९९ वाटले की एक उरतो. म्हणून दशमान पद्धतीत अंकांची बेरीज ९ ची कसोटी देते. त्यात नवाची जादू काही नाही. नऊ हा दहाच्या एकाने अलीकडे बसलेला आहे, एवढंच. ११ साठी अंक आलटून पालटून मिळवा-वजा करतो, कारण दहा हे अकराला एक कमी पडतात, शंभरात एक जास्त होतो, हजारात पुन्हा एक कमी पडतो. दोन्ही कसोट्या पायाच्या शेजाऱ्यांच्या आहेत. पाया बदलला की शेजारी बदलणार.

आता ऋण दहा. एककाचं घर १ चं. दशकाचं घर −१० चं. शतकाचं १००, हजाराचं −१०००, दहा हजाराचं १०,०००. एक घर जमेचं, पुढचं देण्याचं, असं आलटून पालटून. अंक नेहमीचेच, ० ते ९. चाचणीतली ३५१ वाचून पाहू: ३०० जमा, ५० देणं, १ जमा. बाकी २५१. लेकीने जिला ९ ने भाग जातो म्हटलं ती संख्या २५१ आहे, आणि तिला ९ ने काय, १ आणि स्वतः सोडून कुणानेच भाग जात नाही. २५१ ही मूळ संख्या आहे. दशमान पद्धतीत वाचलेले ३५१ मात्र १३ × २७ आहेत. अंक तेच, संख्या दोन.

मग ऋण दहाचे शेजारी कोण? एकीकडे −११, दुसरीकडे −९. देणं-घेण्याच्या भाषेत बघा. दहाचं देणं म्हणजे अकराचं देणं आणि एक जमा. शंभर जमा म्हणजे ९९ जमा आणि एक जमा. ९९ तर अकराच्या पाढ्यातले. हजाराचं देणं म्हणजे १००१ चं देणं आणि एक जमा. १००१ म्हणजे ९१ × ११. दहा हजार म्हणजे ९९९९ आणि एक, आणि ९९९९ म्हणजे ९०९ × ११. प्रत्येक घरात अकराचा हिशोब मिटला की शिल्लक एकच, तीही कायम जमेची. म्हणून ऋण दहाच्या पायात साधी अंकबेरीज ११ ची कसोटी देते. आणि ९ साठी? दहाच्या देण्यात नवाचं देणं आणि वर एकाचं देणं; शंभरात एक जमा; हजाराच्या देण्यात पुन्हा एकाचं देणं. चिन्ह आलटतं. म्हणून ९ ची कसोटी आलटून पालटून मिळवा-वजा करण्याची.

दोन कसोट्यांनी आपापल्या जागांची अदलाबदल केली! माझ्या वर्गात इथवर आलं की फळ्यासमोर एक क्षण शांतता होते आणि मग मागच्या बाकावरून हळूच "अरे" ऐकू येतं. त्या "अरे"साठी मी हा विषय दरवर्षी घेते.

३५१ वर दोन्ही लावून बघा. अंकबेरीज ९, म्हणजे ११ ने भागल्यावर बाकी ९ हवी. २५१ मधून २४२ गेले, बाकी ९. बरोबर. आता आलटून पालटून: १ − ५ + ३ = −१. म्हणजे ९ च्या पटीला एक कमी, बाकी ८. २५१ मधून २४३ गेले, बाकी ८. हेही बरोबर. लेकीने काढलेले ९ वाया गेलेले नाहीत, ते ११ बद्दल खरं बोलत होते.

२, ५ आणि १० च्या कसोट्यांना मात्र काही झालेलं नाही. ऋण असला तरी पाया दहाचाच, आणि दहाला २ नेही भाग जातो, ५ नेही. एकक सोडून सगळी घरं आपोआप भागली जातात आणि शेवटच्या अंकावर निकाल लागतो. मुलांचा असा समज असतो की शेवटचा अंक सम तर संख्या सम, हे कुठेही चालतं. सातच्या पायात १५ लिहा. एक सात आणि पाच, म्हणजे १२. शेवटचा अंक विषम, संख्या सम. सात स्वतः विषम असल्याने प्रत्येक घर एक शिल्लक ठेवतं आणि तिथे सम-विषम ठरवायला सगळ्या अंकांची बेरीज लागते.

आता प्रोग्रॅमकडे. १५ ला −१० ने भागून बाकी मागितली, तर पायथॉन भाजकाच्या चिन्हाची बाकी देतं. भागाकार −२, बाकी −५. पुढे −२ ला भागलं की भागाकार ०, बाकी −२. हिशोब म्हणून हे खोटं नाही: −२ गुणिले −१० म्हणजे २०, त्यातून ५ गेले, १५. पण आपला करार अंक ० ते ९ असा आहे, तो मोडला. उपाय एका ओळीचा: बाकी ऋण आली तर बाकीत १० मिळवा आणि भागाकारात १ मिळवा. मग १५ साठी पहिली बाकी ५ आणि भागाकार −१. −१ साठी बाकी ९ आणि भागाकार १. शेवटी १. उलट्या क्रमाने लिहिले की १९५, म्हणजे शंभर जमा, नव्वद देणं, पाच जमा: १५. सी भाषेत १५ साठी पहिल्याच पायरीला बाकी ५ येते, पण −१ ला पोचलात की तिथेही ऋण बाकी भेटते. दुरुस्ती दोन्हीकडे तीच.

हाताने करायचं असेल तर मी मुलांना मोठी संख्या देते, कारण छोट्या संख्येत अंदाजाने उत्तर येतं आणि पद्धत हाताला बसत नाही. १९०५ घ्या. बाकी ५, उरलेले १९०० भागिले −१० म्हणजे −१९०. बाकी ०, पुढे १९. बाकी ९, उरलेले १० भागिले −१०, म्हणजे −१. इथे मुलं अडतात. −१ ची बाकी ९, कारण −१ मधून ९ काढले की −१० होतात, आणि त्याला −१० ने भागलं की १. शेवटची बाकी १. उत्तर १९९०५. पडताळा: १०,००० − ९००० + ९०० − ० + ५ = १९०५. "−१ ची बाकी ९" हे वाक्य ज्याला पटलं त्याला हा पाया समजला.

माझ्या मते या पायातली सगळ्यात सुंदर गोष्ट कसोट्यांमध्ये नाही, ती आता येते. ऋण संख्या लिहायला इथे वजा चिन्ह लागत नाही. −१ म्हणजे १९. −१५ म्हणजे २५. मग चिन्ह गेलं कुठे? अंकांच्या संख्येत. एका अंकात ० ते ९ लिहिता येतात. दोन अंकांत सगळ्यात खाली ९०, म्हणजे −९०, आणि सगळ्यात वर १९, म्हणजे −१. दोन अंकी लेखनं ९० आणि −९० ते −१ या संख्याही ९०. तीन अंकांत सगळ्यात लहान १९०, म्हणजे १०, आणि सगळ्यात मोठी ९०९. लेखनं ९००, आणि १० ते ९०९ या संख्याही बरोबर ९००. चार अंकांत −९०९० ते −९१, नऊ हजारांना नऊ हजार. पाच अंकांत ९१० ते ९०,९०९. एकही संख्या गाळली जात नाही, एकीलाही दोन लेखनं मिळत नाहीत. अंकांची संख्या विषम असेल तर संख्या धन (शून्य सोडून), सम असेल तर ऋण. लेकीला हे पट्टे रंगीत खडूने जमिनीवर आखायला सांगा. आमच्याकडे एका मुलीने गॅलरीतल्या फरशांवर शून्यापासून दोन्ही बाजूंना आखले होते, आणि पट्टे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे वाढत जाताना बघून तिच्या धाकट्या भावालाही पुढचा पट्टा कुठल्या बाजूला पडणार हे सांगता येत होतं.

किंमत चुकवावी लागते ती तुलनेत. दशमानात १९० हे १८० पेक्षा मोठे. इथे १९० म्हणजे १० आणि १८० म्हणजे २०. नुसत्या नजरेने लहान-मोठं ठरवायची सवय इथे उपयोगी नाही.

हा पाया कुणा क्लासवाल्याने मुलांना छळायला काढलेला नाही. इटलीच्या व्हिट्टोरिओ ग्रुनवाल्ड यांनी १८८५ सालीच ऋण पायातलं अंकगणित प्रसिद्ध केलं होतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पोलंडमध्ये बिनेग नावाचा संगणक बांधला गेला, तो ऋण दोनच्या पायावर चालायचा. धन आणि ऋण संख्यांसाठी एकच रीत, चिन्हासाठी वेगळी सोय करावी लागत नाही, हे त्यातलं आकर्षण.

"कशाला" या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की वेगळ्या पायात गेल्याशिवाय संख्येचं स्वतःचं काय आणि तिच्या लेखनाचं काय, हे वेगळं दिसत नाही. २५१ ही मूळ संख्या आहे, विषम आहे, तिला ११ ने भागल्यावर बाकी ९ उरते. हे तिचं स्वतःचं, कुठल्याही पायात लिहा, बदलत नाही. तिच्या अंकांची बेरीज, शेवटचा अंक, उलटसुलट सारखं वाचता येणं, हे सगळं अंगावरच्या कपड्यांसारखं. पाया बदलला की बदलतं. कसोटी म्हणजे कपडे बघून माणूस ओळखण्याची युक्ती, आणि तिच्या मागचं कारण माहीत असेल तरच ती नव्या गावात चालते.

इथे संख्यांशी खेळणारे आपले गणिती द. रा. कापरेकर आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांचा जन्म डहाणूचा, १९०५ चा (वरची संख्या मी उगाच निवडली नव्हती), माध्यमिक शिक्षण आपल्या ठाण्यात, आणि पुढे सगळी नोकरी देवळालीच्या शाळेत. ६१७४ चा त्यांचा शोध अंकांच्या उलथापालथीचा: अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करा, ७६४१ − १४६७ = ६१७४, संख्या स्वतःवर परत येते. हर्षद संख्याही त्यांच्याच, म्हणजे जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती. हे गुण लेखनाचे आहेत, म्हणून काही जण त्यांना कमी लेखतात. मला ते पटत नाही. लेखनाचा गुण आहे म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: एखादी संख्या प्रत्येक पायात हर्षद असू शकेल का? दोन किंवा त्याहून मोठा कुठलाही धन पाया घेतला तरी हर्षद राहणाऱ्या संख्या फक्त चार: १, २, ४ आणि ६. सहा तपासून बघा. दोनच्या पायात ११०, बेरीज २. तीनच्या पायात २०, बेरीज २. चारच्या पायात १२, बेरीज ३. पाचच्या पायात ११, बेरीज २. सहाच्या पायात १०, बेरीज १. पुढे सगळीकडे ६ च. बारा ही अगदी काठावर चुकते, एकट्या आठाच्या पायात: तिथे १२ म्हणजे १४, बेरीज ५.

म्हणजे लेखनाचा गुण सगळ्या पायांत टिकला की तो संख्येचाच होतो. असा प्रश्न नववीतल्या मुलीला स्वतः सुचला, तर ती क्लासच्या पुष्कळ पुढे गेली असं मी समजेन.

ऋण दहाच्या पायातली एक गंमत याच अंगाने. १० ते १९ या संख्या तिथे १९० ते १९९ अशा लिहिल्या जातात. अंकांची बेरीज करा. १९० ची १०. १९१ ची ११. १९७ ची १७. संख्या आणि तिची अंकबेरीज एकच! दशमानात हे फक्त ० ते ९ साठी घडतं, इथे ० ते १९ साठी. पुढे कधीच घडत नाही, आणि ते तुमच्या लेकीला सिद्धही करता येईल. संख्येतून अंकबेरीज वजा केली की दशकाच्या अंकामागे −११ आणि शतकाच्या अंकामागे ९९ उरतात. तीन अंकी संख्येत दोन्ही मिळून शून्य व्हायला दशकाचा अंक शतकाच्या नऊपट हवा. नऊपट एकच जमतं: शतक १, दशक ९. मोठ्या संख्यांत पहिल्या घराचा भार बाकीच्यांना फेडता येत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. प्रश्नपत्रिकेत "ऋण दहा पायात" हे शब्द स्पष्ट होते का, हे मी पाहिलेलं नाही. असतील तर गुण कापणं रास्त आहे. नुसतं खाली बारीक −१० छापलं असेल आणि त्याचा अर्थ वर्गात कधी सांगितलाच नसेल, तर शिक्षकांशी बोला. भांडायला म्हणून नको, तो तास घ्या असं सांगायला. दुसरं म्हणजे मुलीची तयारी. एकक-दशकाच्या स्थानिक किमती पक्क्या असतील आणि ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी अडत नसेल, तरच इथे या. ते कच्चं असेल तर आधी बारा आणि सातच्या पायात महिनाभर रमू द्या. आणि तिला ऑलिम्पियाडच्या वाटेने जायचं असेल (त्या परीक्षांचं काम वाशीच्या खाडीपलीकडे मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रातून चालतं), तर ऋण दहा नेमकं विचारतीलच असं नाही. पण दहाच्या घाताला ११ किंवा ३७ ने भागून किती उरतं, हा विचार वारंवार लागतो.

३७ चं उदाहरण तिला मी इथेच देऊन ठेवते. ९९९ म्हणजे २७ × ३७. त्यामुळे दशमानात तीन-तीन अंकांचे गट पाडून त्यांची बेरीज केली की ३७ ची कसोटी मिळते. ऋण दहात हजाराचं घर −१००० चं, म्हणून गटांची किंमत आलटून पालटून मिळवायची आणि वजा करायची. मात्र गटाची किंमतही ऋण दहाच्याच रीतीने काढायची, हे विसरायचं नाही.

आणि शनिवारी दुपारसाठी एक काम. ऋण दहात ५ + ७ करायला बसवा. बारा झाले, २ लिहिले, आता हातचा? पुढचं घर देण्याचं आहे, म्हणून दहा जमा करायचे तर त्या घरातून एक कमी करायचा. हातचा −१. तिथे काहीच नव्हतं, म्हणून −१ झालं. अंक ऋण चालत नाही, तर −१ च्या जागी ९ लिहा आणि पुढच्या घरात १ द्या. उत्तर १९२, म्हणजे शंभर वजा नव्वद अधिक दोन. हे तिने स्वतः केलं की १९९ + १ द्या. एकोणीस आणि एक. उत्तर १८० यायला हवं. ते बघून ती सांगेल की बेरीज केल्यावर मधला अंक कमी का झाला.